जुन्या जीपची गिअर पेटी ओळखायची कशी?

गळीत हंगाम तोंडावर आला, की ट्रॅक्टर-ट्रेलरची डागडुजी सुरू होते आणि त्याच वेळी वस्तीवर झाकून ठेवलेल्या जुन्या जीपचीही आठवण होते. शेती खात्याच्या जीपचा धुरळा जुन्या सभासदांनी पुष्कळ पाहिला आहे. त्यांतल्या कित्येक गाड्या पुढे लिलावात निघाल्या, कुणी हौसेने तर कुणी गरजेपोटी घेतल्या. गाडी दणकट, पण पहिला गिअर टाकला की आवाज करते किंवा दुसरा गिअर आपोआप निसटतो. मग सभासद तालुक्याला जातो, दुकानदार विचारतो, "पेटी कोणती?" आणि उत्तर मिळते, "जीपची!"

एवढ्यावर सुटा भाग घेतला तर पैसे पाण्यात जातात. जीपच्या पेट्या दिसायला सारख्या वाटल्या, तरी आतले दाते वेगळे असतात. पेटी उघडण्याआधी तिच्या अंगावरची अक्षरे वाचता आली, तर बरेच काम होते.

अक्षरे उठावाची की ठोकलेली?

पेटी बिडाची, वाळूच्या साच्यात ओतलेली. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या फौंड्र्यांत हे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना लगेच कळेल. लाकडी किंवा धातूच्या पॅटर्नवर जी अक्षरे बसवलेली असतात, ती ओतकामात वर उठून येतात. हा झाला ओतकामाचा नंबर. तो सांगतो, की ही पेटी कोणत्या जातीची. खिळ्यासारख्या पंचाने ठोकलेला, आत गेलेला नंबर निराळा. तो ओतल्यानंतर, कामाच्या किंवा जुळणीच्या वेळी पडलेला असतो. दोन्ही लिहून घ्यावेत, पण एकात एक मिसळू नयेत.

टी-८४ आणि टी-९०

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी लष्करासाठी जीप बनवल्या. त्यांत वॉर्नर गिअर कंपनीच्या नमुन्याची टी-८४ ही तीन गिअरची पेटी होती. फोर्डने बनवलेल्या जीपच्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ अक्षर आढळते. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या जीप आपल्या देशातही विकल्या गेल्या.

१९४५ मध्ये विलीजने नागरी वापराची सीजे-२ए जीप काढली, तेव्हा जास्त ताकदीची टी-९० पेटी आली. तिलाही पुढे जाणारे तीनच गिअर. दुसऱ्या-तिसऱ्याला पितळी रिंगा, पहिल्याला नाहीत. म्हणून गाडी पूर्ण थांबवून पहिला टाकावा, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते खरेच आहे. मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये जीपची जुळणी सुरू केली. सीजे-३बी ही जीप अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाली, पण आपल्याकडे ती पुढेही कितीतरी वर्षे बनत राहिली. त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या पेट्रोल जीपला टी-९० पेटी असण्याची शक्यता जास्त. पुढच्या गाड्यांत चार गिअरची के. एम. टी. ९० पेटीही आली, तिला टी-९० समजून दाते घेऊ नयेत.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. पेटीवरचा ‘९०’ आणि ऑइलचा ‘नव्वद नंबर’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ऑइल नव्वदचेच घालावे, पण डब्यावर जी. एल.-४ असे पाहून घ्यावे. जास्त दाबासाठीच्या काही ऑइलांतली द्रव्ये पितळी रिंगांना मानवत नाहीत.

नंबर कसा वाचावा?

डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन पेटीच्या दोन्ही बाजू स्वच्छ कराव्यात. ग्राइंडर लावू नये. अक्षर एकदा उडाले की परत येत नाही. पेटी कोरडी झाली की अक्षरांवर पांढरा खडू आडवा फिरवावा, उठाव लगेच दिसतो. बॅटरीचा उजेड तिरका धरून मोबाईलवर फोटो काढावा. वरचे झाकण, मुख्य पेटी आणि मागची ट्रान्स्फर केस यांचे नंबर वेगवेगळे टिपावेत. इतक्या वर्षांत किती मिस्त्रींचे हात लागले असतील! झाकण एका गाडीचे आणि पेटी दुसऱ्या गाडीची, असे सर्रास सापडते.

नंबरावर थांबू नका

ओतकामाचा नंबर बाहेरचे कवच सांगतो, आतला ऐवज नव्हे. त्याच टी-९० कवचात काही गाड्यांसाठी जास्त ओढीचे दाते बसवलेले असत. म्हणून पेटी उतरवलेली असेल तर पहिला गिअर टाकून पुढचा शाफ्ट हाताने बरोबर २८ फेरे फिरवावा. मागच्या शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजावेत. बरोबर १० भरले, तर ती नेहमीची टी-९०. साडेदहा भरले, तर टी-८४. दहापेक्षा बरेच कमी भरले, तर दाते जास्त ओढीचे समजावेत.

मागच्या ‘१८ नंबर’च्या ट्रान्स्फर केसमध्येही अशीच मेख आहे. तिच्यातला मधला आडवा शाफ्ट तीन जाडींत आला. सगळ्यात जुना पाऊण इंची, त्यानंतरचा एक इंच एक सूत आणि सगळ्यात शेवटचा सव्वा इंची. या शाफ्टचे टोक केसच्या मागच्या बाजूला दिसते. ते मोजल्याशिवाय बेअरिंग किंवा दाता आणू नये.

कागदपत्रांची गोष्ट

पेटीचा नंबर म्हणजे गाडीचा नंबर नव्हे. नोंदणी पुस्तकात चासी आणि इंजिनाचा नंबर असतो. तो नंबर खोडणे किंवा पुन्हा ठोकणे हा गुन्हा आहे. जुनी जीप घेताना हे दोन नंबर आधी पाहावेत, पेटीचे नंतर.

नंबर, फेरे आणि शाफ्टची जाडी या तीन गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी नोंदणी पुस्तकातच ठेवावी. उद्या मुलगा दुकानात गेला, तरी त्याला "जीपची पेटी" एवढेच सांगावे लागणार नाही. ऊसबिलाचा पैसा घामाचा असतो, तो चुकीच्या दात्यावर जाऊ नये.