शेजाऱ्याचे उसने

बिद्री हे माझे माहेर. दिवाळीला तेथे गेले, की दादाच्या अंगणातून साखर कारखान्याचे धुराडे दिसते आणि मन निवांत होते. यंदा मात्र घरात रुसवेफुगवे होते. भाच्याला पदार्थविज्ञानात संशोधन करायचे होते. गावाजवळची नोकरी सोडू नये, असे दादाचे म्हणणे. निवाडा माझ्याकडे आला.

"संशोधन म्हणजे करणार काय, ते तरी सांग," मी म्हटले.

त्याने ताटातला बुंदीचा लाडू उचलला. वहिनीचा पाक यंदा कच्चा राहिला होता.

"आत्या, अरगॉन वायूचे अणू मोठे एकलकोंडे. पण बारीक छिद्रातून निर्वात पोकळीत सोडले, की ते अतिशय थंड होतात आणि हजारोंनी असे सैलसर चिकटतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. कृष्णमूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पुंजक्यांवर लेसरचा झोत टाकला. अणूमागे सुमारे ८ इलेक्ट्रॉन उडाले. उरलेले धनभारित कण एकमेकांना लोटू लागले." लाडू फुटला. "कण सुसाट सुटले. वाटेत शेजारच्या पुंजक्यांतले सैल झालेले इलेक्ट्रॉन त्यांनी उचलले, आणि ते पुन्हा भाररहित झाले. वेग मात्र तोच! २०१३ साली 'नेचर फिजिक्स'मध्ये हे प्रसिद्ध झाले."

"म्हंजे शेजाऱ्याकडनं उसनं घेतलं," आई म्हणाली.

"हो आजी, पण परत न करायचं!"

"मग त्या शेजाऱ्याची तूट?"

वाचकांना हसू येईल, पण आईने नेमके मर्मावर बोट ठेवले होते. "तूट त्याच्याकडे जाते," भाचा म्हणाला. "भार नाहीसा होत नाही, नुसता हात बदलतो."

इतका वेळ गप्प असलेला दादा बोलला, "समदं खरं. पर ह्येचा उपेग काय?"

"बाबा, भारित कणाला चुंबक वळवतो. भाररहित कण सरळ जातो. सूर्यासारखी ऊर्जा निर्माण करू पाहणाऱ्या भट्ट्यांभोवती चुंबकांचा वेढा असतो. त्यातून आत उष्णता पोचवायला हायड्रोजनच्या जातीचे वेगवान, भाररहित अणूच सोडतात."

"किती वर्सं लागतील तुला?"

"पाच-सहा."

दादा उठून अंगणात गेला. धुराड्याकडे बघत बराच वेळ उभा राहिला. निवाडा द्यायचा राहूनच गेला, आणि मलाही तो सुचेना.

पाडव्याच्या सकाळी स्वयंपाकघरातून त्याचा आवाज ऐकू आला. तो वहिनीला सांगत होता, "लाडू परत कर. आन् पाक पक्का घे, मुंबईपत्तुर टिकाय पायजेत."