वाऱ्याच्या लहरीवर चालणारा कापडाचा धंदा

आपल्या बाजारात कापड मीटरवर, वजनावर आणि डोळ्यांच्या अंदाजावर विकले जाते. हात लावून पोत पाहिला, कडा ओढून पाहिली, की सौदा ठरतो. पण एक कापड असेही आहे, ज्याच्या बाबतीत गिऱ्हाईकाचा पहिला सवाल असतो: यातून हवा आरपार जाते का? जात असेल तर ते कापड फुकटही नको.

हे कापड पाण्यावरच्या दोन खेळांना लागते. विंडसर्फिंगमध्ये माणूस फळीवर उभा राहतो. फळीवर डोलकाठी, तिला शीड, आणि शिडाची आडवी दांडी माणसाच्या हातात. काइटबोर्डिंगमध्ये शीड नाही. पाय लहान फळीत अडकवलेले, कमरेला पट्टा, आणि वीस-चोवीस मीटर लांब दोऱ्यांवर उडणारा भलामोठा पतंग माणसाला पाण्यावरून ओढत नेतो. पतंग म्हटला की आपल्याला कागद आणि मांजा आठवतो. पण या पतंगालाही कन्नी असते, आणि ती चुकली तर तोही तसाच गोते खातो.

२०२३ च्या जुलैत हे खेळ आम्ही अमेरिकेतील ओरेगन राज्यात हूड रिव्हर या गावी पाहिले. आमचा भाचा पोर्टलंडला नोकरीस आहे. तेथून हे गाव सुमारे शंभर किलोमीटरवर, कोलंबिया नदीच्या काठी आहे. नदी येथे कॅस्केड पर्वत चिरून पश्चिमेकडे समुद्राला जाते. उन्हाळ्यात पर्वताच्या पूर्वेचा कोरडा मुलूख तापतो, तेथली हवा हलकी होऊन वर जाते, आणि समुद्राकडची थंड, जड हवा या खिंडीतून पूर्वेकडे घुसते. म्हणजे पाणी एका दिशेला आणि वारा बरोबर उलट दिशेला. त्यामुळे लाटा उंच उठतात, आणि वाऱ्याने पुढे नेलेल्या माणसाला प्रवाह परत आणून सोडतो.

सकाळी नऊला नदी आरशासारखी होती. पोरे फोनवर पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या ठाण्यांवरील हवेचा दाब ताडून पाहत बसली होती. भाच्याच्या गाडीत चार शिडे निघाली: ५.३, ४.७, ४.२ आणि ३.७ चौरस मीटरची. त्याच्या दोस्ताकडे बारा, नऊ आणि सात मीटरचे तीन पतंग. एका माणसाला एवढा माल कशाला, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "मामू, तुमच्या दुकानात एकाच मापाचा सदरा ठेवून चालेल का?"

हिशेब असा आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. पंधरा नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे अठ्ठावीस किलोमीटरचा वारा तीस नॉट झाला, की त्याच शिडावर चौपट ओढ येते. माणसाचे बळ तर तेवढेच राहते. मग कापड कमी करणे एवढाच उपाय. कोकणातील खलाशी घराण्यांना हे सांगायला नको. वारा वाढला की शीड आखडायचे, हे त्यांचे वाडवडील करतच आले. येथे आखडण्याऐवजी शीडच बदलतात. धंद्याची गोम तीच आहे. वारा एका मापावर टिकला असता तर एकाच शिडावर काम भागले असते.

त्या दिवशी वारा खरोखरच लहरी होता. अकराला झुळूक आली आणि ५.३ चे शीड चढले. तासाभरात झोत असे येऊ लागले की भाचा किनाऱ्यावर परतला आणि ४.२ चढवून गेला. पतंगवाले बारावरून सातवर आले. एकाला झोताने पाण्यातून वर उचलले; त्याने कमरेजवळची सुटका ओढली तेव्हा पतंग निपचित झाला. विंडसर्फिंगवाल्याचे बरे असते, दांडी सोडली की शीड पाण्यात पडते आणि ओढ संपते. पतंगवाल्याला मात्र ती सुटका वेळेवर सुचली पाहिजे.

तीनच्या सुमारास पश्चिमेकडून ढग सरकले आणि वारा एकदम बसला. पतंग पाण्यावर पडले. त्यांच्या कडेला हवा भरलेली नळी असते, म्हणून ते बुडत नाहीत आणि पाण्यातूनच पुन्हा उडवता येतात. ही युक्ती लेगेनू या दोघा फ्रेंच भावांची. तिचे पेटंट त्यांनी १९८४ साली घेतले. अर्धी मंडळी सामान बांधून वाऱ्यामागे पूर्वेला निघाली. आम्ही गावात एका शीड दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलो, आणि खरे सांगायचे तर तिथेच आमचे मन रमले.

पतंगाचे कापड पॉलिएस्टरचे, चौरस मीटरला साधारण पन्नास ग्रॅम, म्हणजे आपल्या शर्टिंगच्या निम्म्याहून हलके. ताण्यात आणि बाण्यात ठरावीक अंतरावर जाड धागा घातलेला असतो, त्याने बारीक चौकटी पडतात आणि फाटलेली चीर चौकटीपाशी अडते. वरून लेप असतो. नायलॉन पाण्यात ढिले पडते म्हणून ते चालत नाही. विंडसर्फिंगच्या शिडात आता विणलेल्या कापडाबरोबर पारदर्शक फिल्मही असते. कारागीर नागमोडी टाक्याने शिवत होता, कारण सरळ टाका ताणाखाली तुटतो. ही शिडे फाटून मरतात त्याहून जास्त उन्हाने आणि वाळूने मरतात, असे तो म्हणाला.

हे पॉलिएस्टर परके नाही. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये, म्हणजे छापील कापडवाल्यांच्याच प्रयोगशाळेत, व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये ते काढले. आपल्या बाजारात ते टेरिलीन नावाने आले. पुढे १९७० च्या दशकात युरोपात विंडसर्फिंगच्या फळ्या पसरवल्या त्या हॉलंडच्या टेन काटे या कापड कंपनीने. शिडाच्या कापडापासून ती आख्ख्या खेळापर्यंत पोहोचली.

आणि आज जगातले बरेचसे पतंग शिवले जातात चीनमध्ये आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेत. खेळ तर गोव्यातही पोहोचला आहे. मोरजीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात दुपारच्या समुद्री वाऱ्यावर पतंग उडतात. शिलाईचे काम कोलंबोपर्यंत येते आणि आपल्याकडे येत नाही, याचा विचार आमच्या मनातून जात नाही. सुईचे हुन्नर आपल्याकडे कमी आहे असे आम्ही मानत नाही.

फाटक्या पतंगाचा हातभर तुकडा आम्ही सोबत आणला आणि मालेगावला ओळखीच्या एका मागवाल्याला दाखवला. त्याने भिंगाखाली धागे मोजले, ओला करून ओढला, तोंडाने फुंकून पाहिला. मग म्हणाला, "चौकट मी डॉबीवर आठ दिवसांत पाडून देतो. पण इतके बारीक आणि इतके ताकदीचे सूत कोण देणार? आणि लेप कोणाकडे करायचा?" सुताची चौकशी आम्ही सुरतेला केली आहे. लेपवाला अजून शोधतो आहोत.