थंड पाण्याने जपलेली जहाजं

जुलै 2010. फिनलंडच्या ऑलंड बेटांजवळ काही पाणबुडे बाल्टिक समुद्रात सुमारे 50 मीटर खाली एका बुडालेल्या जहाजापाशी पोहोचले. तिथे बाटल्या दिसल्या. त्यांनी एक वर आणली, तर तिचं बूच आपोआप निघालं आणि आतली शॅम्पेन चक्क पिण्याजोगी होती! वय जवळजवळ 170 वर्षं. अशा 168 बाटल्या तिथून निघाल्या.

एरवी समुद्रात बुडालेल्या लाकडी जहाजाचं लाकूड जहाजकिडा पोखरून टाकतो. नावाला किडा, पण आहे शिंपल्यांच्या कुळातला. त्याला खारं पाणी लागतं. बाल्टिकला असंख्य नद्या मिळतात आणि मोठ्या समुद्राकडे जाणारी वाट अरुंद आहे, म्हणून इथलं पाणी मचूळ. त्यात किड्याचा निभाव लागत नाही. शिवाय तळाशी अंधार आणि गारठा, त्यामुळे कुजण्याची क्रियाही मंदावते. 'वासा' ही स्वीडनची युद्धनौका 1628 मध्ये पहिल्याच सफरीत स्टॉकहोमजवळ बुडाली. 1961 मध्ये, 333 वर्षांनी वर काढली, तेव्हा ती जवळजवळ अख्खी होती.

हाच गारठा पाणबुड्याची मात्र परीक्षा पाहतो. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून घेतं, म्हणून पाणी आत न शिरणारा सूट आणि त्याखाली उबदार कपडे हवेतच. खरी धास्ती रेग्युलेटरची, म्हणजे टाकीतली हवा श्वासासाठी पुरवणाऱ्या उपकरणाची. टाकीतली दाबाखालची हवा त्यातून बाहेर पडताना एकदम प्रसरण पावते आणि आणखी गार होते. आत बर्फ धरतो, झडप उघडीच अडकते आणि टाकी भसाभसा रिकामी होऊ लागते. अशा वेळी घाबरून न जाता हात मागे नेऊन त्या रेग्युलेटरचा कॉक बंद करायचा आणि सोबतच्या दुसऱ्या रेग्युलेटरवर श्वास घ्यायचा. तडक वर निघून येण्याचीही सोय नाही. 50 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या सहापट असतो आणि त्या दाबाने अंगात विरघळलेले वायू सावकाश बाहेर पडू द्यावे लागतात. त्यासाठी टप्प्याटप्प्याने, थांबत थांबतच वर यायचं. त्या बाटलीचं बूचही तळाशी याच दाबामुळे जागच्या जागी राहिलं होतं. वर येताच दाब सरला आणि ते निघालं.

एवढ्या थंड पाण्यात उतरणं सगळ्यांना जमणार नाही. पण कधी स्टॉकहोमला जाणं झालंच, तर वासा संग्रहालय चुकवू नका. तिथे उभ्या असलेल्या जहाजाचा 95 टक्क्यांहून अधिक भाग मूळचाच आहे.