सिक्युअर शेल
दूरच्या संगणकावर असुरक्षित जालकातून सुरक्षितपणे प्रवेश करून त्यास आज्ञा देण्याची व त्याच्याशी फायलींची देवाणघेवाण करण्याची पद्धती. संक्षेपाने तिला एसएसएच असे म्हणतात. दुसऱ्या शहरात वा परदेशात असलेला सर्व्हर आपल्या जागेवरून चालविणे तिच्यामुळे शक्य होते.

इतिहास : अनेकांनी मिळून वापरावयाच्या संगणकांना प्रारंभी दूरमुद्रक जोडलेले असत. पुढे त्यांची जागा पडदा व कळफलक असलेल्या टर्मिनलांनी घेतली. आर्पानेट या जालकात १९६९ पासून विकसित होत गेलेल्या टेलनेट पद्धतीने असे टर्मिनल दूरच्या संगणकाशी जोडता येऊ लागले. तीत पासवर्डासह सर्व मजकूर उघड स्वरूपात जाई. जालक मोजक्या संस्थांपुरते मर्यादित असेपर्यंत हा दोष फारसा जाणवला नाही. परंतु इंटरनेटचा विस्तार झाल्यावर वाटेत मजकूर टिपणाऱ्यांच्या हाती पासवर्ड पडू लागले. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्या विद्यापीठाच्या जालकात असा प्रकार घडल्यावर तेथील तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच तयार केली व त्याच वर्षी ती विनामूल्य उपलब्ध केली. एफटीपीचा पोर्ट क्रमांक २१ व टेलनेटचा २३ असल्याने, या दोहोंची जागा घेणाऱ्या पद्धतीसाठी त्यांनी मधला २२ हा क्रमांक मिळविला. १९९९ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पाने ओपनएसएसएच हे मुक्त रूप प्रसृत केले. सुधारित दुसऱ्या आवृत्तीचे मानक २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

कार्यपद्धती : प्रथम दोन्ही संगणक परस्परांस उघड संख्या पाठवून त्यांवरून एक समाईक गुप्त संख्या निश्चित करतात, मधे ऐकणाऱ्यास ती काढता येत नाही. हे तत्त्व डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडले. याच वेळी सर्व्हर आपल्या खाजगी चावीने स्वाक्षरी करून स्वतःची ओळख पटवितो. त्यापुढील सर्व मजकूर गुप्तलिपीत जातो. नंतर उपयोजक पासवर्डाने किंवा चाव्यांच्या जोडीने आपली ओळख देतो. जोडीतील सार्वजनिक चावी सर्व्हरवर ठेवलेली असते. खाजगी चावी उपयोजकापाशीच राहते व केवळ तिने केलेली स्वाक्षरी पाठविली जाते. ही स्वाक्षरी त्या जोडणीपुरतीच ग्राह्य असल्याने ती दुसरीकडे वापरता येत नाही. पासवर्ड मात्र सर्व्हरच्या हाती जसाच्या तसा पडतो. म्हणून चावीची पद्धत श्रेयस्कर मानतात.

सत्रव्यवस्थापन : जोडणी सुरक्षित असली, तरी ती टिकाऊ असतेच असे नाही. ती तुटल्यास युनिक्स प्रकारच्या प्रणालीत त्या टर्मिनलावरील कार्यक्रमांना ‘हँगअप’ हा संकेत जातो व सामान्यतः ते बंद पडतात. दूरध्वनी खाली ठेवल्याचे सूचक असे हे नाव मोडेमच्या काळापासून चालत आले आहे. काही तास चालणारे काम, उदा., मोठ्या माहितीसाठ्याची प्रत काढणे, अशा वेळी अर्धवट राहते. त्यावर उपाय म्हणून स्क्रीन (१९८७) व टीमक्स (२००७) हे कार्यक्रम वापरतात. ते सर्व्हरवर राहून एक वा अनेक आभासी टर्मिनले धारण करतात. त्यामुळे उपयोजकास सत्रापासून अलग होऊन नंतर, वेगळ्या संगणकावरूनही, त्याच सत्रात परतता येते. तथापि अलग केलेले सत्र बंद झालेले नसते. त्या खात्यात शिरकाव करणाऱ्यास ते आयतेच मिळते. काम संपताच ते बंद करणे इष्ट होय.

मर्यादा : पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हरच्या चावीचा ठसा पडद्यावर दाखविला जातो. तो व्यवस्थापकाकडून अन्य मार्गाने पडताळून घेणे अपेक्षित असते. न पाहता होकार दिल्यास मधे बसलेला तोतया खरा ठरू शकतो. पूर्वी जोडलेल्या सर्व्हरची चावी बदलल्याची सूचनाही याच कारणाने दुर्लक्षू नये. चावी अकल्पनीय असणेही तितकेच आवश्यक आहे. डेबियन प्रणालीत २००६ मध्ये झालेल्या एका बदलामुळे चाव्यांची शक्य संख्या प्रत्येक प्रकारात व लांबीत सुमारे ३२ हजारांवर आली. २००८ मध्ये हे उघडकीस येताच असंख्य चाव्या बदलाव्या लागल्या. गुप्तलिपी अभेद्य असली, तरी चावीची निर्मिती, जतन व ओळख यांतील हयगयीमुळे ती निरुपयोगी ठरते.