सेल्युलॉइडची मूठ

कुरवंड्यात मृग लागला की चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते आणि पुस्तकांची पानं हाताला ओलसर लागतात. नागफणीच्या कड्याला थडकलेले ढग सरळ घरात शिरतात. लोणावळा परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तेव्हा याचं इथे कुणाला नवल वाटत नाही. पण जुने घडीचे चाकू जमवणाऱ्याला या हवेची धास्ती फार. त्यातही सेल्युलॉइडच्या मुठीच्या चाकूची, कारण तो बिघडला की शेजारच्या चाकूंनाही बिघडवतो.

माझ्याजवळच्या दोन पात्यांच्या एका चाकूची मूठ कासवाच्या पाठीसारखी दिसणारी, मधाच्या रंगाची, आरपार उजेड जाऊ देणारी आहे. उन्हाकडे धरली की तिच्या पोटात बारीक चौकोनी तडे दिसतात. कडेला बोट लावलं तर किंचित चिकट लागतं. मुठीखालची पितळी पट्टी हिरवी पडली आहे आणि मोठ्या पात्याला गंज चढलाय तो नेमका घडी घातल्यावर मुठीत दडणाऱ्या भागावर. त्याच काळातला, हस्तिदंतासारख्या पांढऱ्या मुठीचा दुसरा चाकू मात्र ठणठणीत आहे. मूठ त्याचीही सेल्युलॉइडचीच.

सेल्युलॉइड म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस आणि कापूर. कापूर या पदार्थाला लवचीक ठेवतो, पण देवघरातल्या कापरासारखाच तो हळूहळू उडून जातो. मग मूठ आक्रसते, रिव्हेटभोवती तडकते. इथपर्यंत दुखणं वरवरचं असतं. खरा घात कापसातला नायट्रोजन सुटू लागला की होतो. त्याचे वायू हवेतल्या ओलाव्याला मिळून आम्ल तयार करतात, ते आम्ल उरलेल्या सेल्युलॉइडला आणखी वेगाने फोडतं, त्यातून आणखी वायू सुटतात. एकदा हे चक्र सुरू झालं की थांबवता येत नाही, फार तर मंदावता येतं. पांढऱ्या मुठीत रंगासाठी घातलेलं झिंक ऑक्साइड हे आम्ल शोषून घेतं. मधाळ, पारदर्शक मुठीला ते कवच नाही. दिसायला सर्वांत देखणी मूठ सर्वांत आधी जाते, ती यामुळे.

या पदार्थाचा जन्म नक्कल करण्यासाठीच झाला. अलेक्झांडर पार्क्सने १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याचं पहिलं रूप मांडलं. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट हस्तिदंती बिलियर्ड चेंडूंना पर्याय शोधत होता, त्याला १२ जुलै १८७० रोजी पेटंट मिळालं. मग हस्तिदंत, शिंपला, शिंग, कासवाची पाठ, जे महाग ते सगळं सेल्युलॉइडमध्ये स्वस्तात होऊ लागलं. चाकू बनवणाऱ्या कारखान्यांनी ते उचललं. रेमिंग्टनने १९२० नंतर काढलेल्या चाकूंच्या झळाळत्या मुठी आजही संग्राहक शोधत फिरतात. कापूर पिकवणारं तैवान हाती असलेल्या जपानने तर सेल्युलॉइडच्या बांगड्या, कंगवे, बाहुल्या जगभर पाठवल्या. त्या आपल्या बाजारांतही आल्या.

हायटला पेटंट मिळालं त्याच वर्षी, ३० एप्रिलला, त्र्यंबकेश्वरला धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लागला तो याच पदार्थाच्या पट्टीवर. चाकूची मूठ आणि त्या काळची फिल्म यांचं रसायन जवळजवळ एकच, म्हणून दुखणंही एकच: आधी चिकटपणा, मग बुडबुडे, शेवटी तपकिरी भुकटी. त्या चार रिळांच्या चित्रपटातलं आज पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं उरलं आहे, आणि तेही १९१७ च्या पुनर्निर्मितीचं असल्याचं काही अभ्यासक मानतात. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथल्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे, गोदामांत, भंगारवाल्यांकडे शोधून जे मिळवलं, त्यावरच आपली मूकपटांची ओळख उभी आहे. मला त्या माणसाबद्दल अपार कृतज्ञता वाटते.

फिल्मच्या बाबतीत भीती आगीचीही. हे सेल्युलॉइड जळताना स्वतःचाच ऑक्सिजन पुरवतं, पाणी ओतूनही विझत नाही. कोडॅकने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रेट फिल्म बनवणं बंद केलं, पण आधीची रिळं कोठारांत होतीच. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेटवरचे शेकडो चित्रपट गेले. कुरवंड्याहून पुणे दीड-दोन तासांवर. आपल्या भाषेच्या चित्रपटाचं बालपण इतक्या जवळ जळालं, याची हळहळ अजून जात नाही.

टेबल टेनिसचा चेंडूही २०१४ पर्यंत सेल्युलॉइडचाच होता. त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून तोही हटला. आता हा पदार्थ मुख्यतः जुन्या वस्तूंतच भेटतो, आणि त्यातली प्रत्येक वस्तू आपापल्या वेगाने संपते आहे.

चाकू सांभाळणाऱ्याने काय करावं? अनेकजण पावसाळ्याच्या धास्तीने चाकू प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करतात. वायू आत कोंडला की आम्ल आणखी वाढतं, त्यामुळे हा उपाय घातकच. सेल्युलॉइडचे चाकू इतरांपासून वेगळे, अर्धवट उघडे, कोरड्या आणि हवा खेळती असलेल्या अंधाऱ्या जागी ठेवावेत. कापराचा वास जाऊन नाकाला झोंबणारा आंबट दर्प येऊ लागला, पितळ हिरवं पडलं, तर त्या चाकूला त्याच दिवशी बाहेर काढावं. घट्ट मिटलेला चाकू स्वतःच्याच मुठीच्या वाफेत कुजतो. काडी लावून पारख करण्याचा मोह मात्र कुणी करू नये.

बिघडलेल्या फिल्ममधली चित्रं नव्या पट्टीवर उतरवता येतात. मुठीचं तसं करता येत नाही. नवी मूठ बसवली तर पातं वाचतं, पण कारखान्यातून निघालेला तो चाकू उरत नाही. माझं मत स्पष्ट आहे: तडे नुकते दिसू लागले असतील तर मूठ तशीच ठेवावी आणि तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. ती पाझरू लागली, की रिव्हेट काढून तिला सोडवावं आणि पातं वाचवावं.