संस्था खरी कशी ओळखावी?

आमच्या घरीं पोळ्या करावयास येणाऱ्या बाई गेलीं बावीस वर्षें सकाळीं साडेसाताच्या ठोक्याला दारांत उभ्या असतात आणि साडेआठाला निघून जातात. पुढें आणखी दोन घरें त्यांची वाट पाहत असतात; बोलत बसावयास त्यांना सवड नसते. गतवर्षीं श्रावणांत मात्र एके दिवशीं परात धुऊन पालथी घातल्यावरहि त्या निघेनात. पिशवींतून त्यांनीं कागदांची एक घडी काढिली आणि माझ्या पत्नीस म्हणाल्या, "वहिनी, मास्तरांना एवढं वाचायला सांगा. यात आमचं घर आहे म्हणतात. कुठं आहे ते मला काही दिसत नाही."

मी चष्मा लावून वाचूं लागलों. नाल्याकाठच्या त्यांच्या वस्तीची जी 'नियोजित सहकारी गृहनिर्माण संस्था' निघाली होती, तिच्या सभासदांची ती यादी होती. नांवांसमोर, विकासकाच्या नेमणुकीस संमति असल्याबद्दल सह्या होत्या. बाईंच्या यजमानांचें नांव सांपडलें. त्यापुढें मोठी झोकदार सही होती. खालीं तारीख होती. परंतु त्या तारखेपूर्वीं तीन वर्षें यजमान निवर्तले होते! मीं हें सांगितलें तेव्हां बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मास्तर, ते असते तरी ही सही त्यांची नव्हे. त्यांना सही येतच नव्हती. ते अंगठा द्यायचे."

मी जन्मभर संस्कृत शिकविलें. कायदा व इमारतींचें शास्त्र हे माझे विषय नव्हेत. पण त्या झोकदार सहीनें मला कित्येक रात्रीं झोंप येऊं दिली नाहीं. एखादी संस्था खरोखर माणसांची आहे कीं केवळ कागदाची आहे, हें ओळखावें कसें? या प्रश्नावर मुंबईंतील लक्षावधि लोकांचें छप्पर अवलंबून आहे. म्हणून मला जें समजलें तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम योजना कशी चालते तें पाहूं. महाराष्ट्राचा झोपडपट्टीविषयक कायदा १९७१ सालचा आहे. १९७६ सालीं मुंबईंतील झोपड्यांची गणना होऊन रहिवाशांना छायाचित्र असलेले ओळखपत्र, ज्यास सारे 'फोटोपास' म्हणतात, देण्यांत आले. पुढें १९९५ सालीं झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालें. त्याचें तत्त्व थोडक्यांत असें: विकासकानें पात्र झोपडीधारकांस त्याच जागीं पक्कें घर विनामूल्य बांधून द्यावें आणि त्याच्या मोबदल्यांत त्यास जादा बांधकामाची परवानगी मिळावी, तें जादा बांधकाम त्यानें खुल्या बाजारांत विकावें. प्रारंभींच्या नियमांप्रमाणें उपनगरांत पुनर्वसनाच्या दर दहा चौरस फुटांमागें दहा, शहर भागांत साडेसात आणि धारावीसारख्या कठीण ठिकाणीं सुमारें सवातेरा चौरस फूट विक्रीकरितां मिळत. पुढें हें प्रमाण जमिनीच्या किंमतीशीं जोडण्यांत आलें. मोफत घराचें क्षेत्र आरंभीं २२५ चौरस फूट होतें. तें वाढून २६९ व नंतर ३०० चौरस फूट झालें.

सरकार स्वतःच्या खजिन्यांतून घरें बांधीत नाहीं. प्रोत्साहन देऊन तीं दुसऱ्याकडून बांधवून घेतें. आतां हें प्रोत्साहन विकासकास कशाच्या बळावर मिळतें? रहिवाशांच्या संस्थेच्या संमतीच्या बळावर. पूर्वीं शेंकडा ७० रहिवाशांची संमति लागे, पुढें ती ५१ वर आणिली गेली. शिवाय जितकीं कुटुंबें पात्र, तितकें पुनर्वसनाचें क्षेत्र अधिक, आणि जितकें हें क्षेत्र अधिक तितकें विक्रीचेंहि अधिक. म्हणजे यादींतील प्रत्येक नांव हें एका माणसाचें नांव असून शिवाय कित्येक चौरस फूट विक्रीच्या जागेची चावी आहे. जेथें नांवाला असें मोल येतें, तेथें नसलेल्या माणसाचें नांव घुसण्याचा आणि असलेल्या माणसाचें गळण्याचा, दोन्ही धोके संभवतात.

तपासणी होत नाहीं असें मात्र नव्हे. जमीन ज्या खात्याची असेल त्याप्रमाणें नेमलेला सक्षम प्राधिकारी घरोघरचे पुरावे पाहून पात्र-अपात्रांची यादी करितो. तिला परिशिष्ट दोन म्हणतात. विकासकाची आर्थिक कुवत परिशिष्ट तीनांत पाहिली जाते. संस्थेची नोंदणी सहकारी खात्याचा सहाय्यक निबंधक करितो. व्यवस्था आहे, शिक्के आहेत. तथापि जुलै २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयासहि या कायद्याच्या अंमलबजावणीचें परीक्षण करण्यास मुंबई उच्च न्यायालयाला सांगावें लागलें. मग उणें कोठें राहतें?

येथें माझ्या जुन्या विद्येचा आधार घेतल्याबद्दल वाचक क्षमा करोत. न्यायशास्त्रांत यथार्थ ज्ञानाचीं चार साधनें सांगितलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. जें डोळ्यांनीं पाहिलें तें प्रत्यक्ष. धुरावरून अग्नि ओळखिला तें अनुमान. गाईसारखा दिसतो म्हणून गवय ओळखिला तें उपमान. आणि विश्वासार्ह माणसानें, म्हणजे आप्तानें, सांगितलें तें शब्दप्रमाण. कार्यालयाच्या टेबलावर जें येतें तें बहुतेक शब्दप्रमाण असतें. अमुक इतके सभासद आहेत, सभा झाली, ठराव एकमतानें झाला, असा शब्द कागदावर येतो. पण तो शब्द आप्ताचा आहे कीं नाहीं, हें तोच कागद कसें सांगणार?

आपल्याकडील पहिल्या गृहनिर्माण संस्थांना ही अडचण पडली नाहीं. १९०४ च्या कायद्यानें केवळ पतपेढ्यांना मुभा होती. १९१२ च्या कायद्यानें इतर प्रकारच्या सहकारी संस्थांना वाट मोकळी झाली. आणि १९१५ सालीं रावबहादुर श्रीपाद सुब्बराव तल्मकी यांच्या खटपटीनें गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिचे सभासद एका ज्ञातीचे व बहुधा एकमेकांच्या ओळखीचे. मराठींत आप्त या शब्दाचा अर्थच नातलग असा झाला आहे, तो तेथें अक्षरशः लागू पडला. परंतु ओळख हें जसें प्रमाण, तसेंच तें कुंपणहि होतें. नाल्याकाठच्या वस्तींत सातारचे, जालन्याचे, उत्तरेकडचे, दक्षिणेकडचे असे सारे शेजारीं राहतात. ज्ञातीचा आधार तेथें उपयोगाचा नाहीं आणि तो तेथें नेऊंहि नये.

मग तेथें आप्त कोण? या प्रश्नाचें एक उत्तर मुंबईच्या पदपथावर राहणाऱ्यांनीं चाळीस वर्षांपूर्वीं दिलें आहे. १९८५ सालीं पदपथावरील झोपड्या हटविण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयांत होता. तेव्हां 'स्पार्क' या १९८४ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें त्या रहिवाशांची गणना केली आणि 'आम्ही अदृश्य' अशा अर्थाच्या नांवानें तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढें भायखळ्याच्या पदपथावरील स्त्रियांतून 'महिला मिलन' ही संघटना निघाली. जॉकिन अर्पुथम यांच्या राष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघाच्या सोबतीनें त्यांनीं जी रीति रूढ केली ती अशी: दारोदार क्रमांक घालावे, वस्तीचा नकाशा वस्तीनेंच काढावा, कुटुंबांची नोंद रहिवाशांनींच करावी, आणि झालेली नोंद पुन्हा वस्तीपुढें ठेवून चुका दुरुस्त करून घ्याव्या. चार भिंतींआड खोटें नांव लिहितां येतें; भरल्या गल्लींत तें मोठ्यानें वाचणें कठीण. शेजारीण हीच तेथें आप्त. कोणाच्या घरीं किती माणसें, कोण गेलें, कोण गांवीं परतलें, हें तिच्याइतकें कोणत्या कार्यालयास ठाऊक असणार?

ही माहिती मिळाल्यावर मीं बाईंस म्हटलें, "तुम्ही एकच मागणी करा. पुढच्या सभेंत यादी मोठ्यानें वाचा, एवढेंच सांगा." त्या म्हणाल्या, "मी बोलले तर कोण ऐकणार? तुम्ही चला. वहिनींनाही आणा." म्हणून भाद्रपदांतील एका रविवारीं आम्ही उभयतां तेथें गेलों. गणपतीचा मांडव उतरावयाचा होता, त्याच मांडवांत सभा भरली. बाईंनीं उभें राहून मागणी केली. प्रथम कुजबुज झाली. मग चार-पांच बायका एकदम म्हणाल्या, "वाचा की. वाचायला काय जातंय?" मुख्य प्रवर्तक हा रिक्षा चालविणारा तिशीचा तरुण होता. त्यानें वाचावयास सुरुवात केली. शाळेंत हजेरी घ्यावी तसें तें दृश्य होतें. ज्याचें नांव येई तो "हजर" म्हणे. कोणी कामावर असल्यास शेजारी ग्वाही देई. बाईंच्या यजमानांचें नांव आलें तेव्हां मांडव स्तब्ध झाला. बाई म्हणाल्या, "ते नाहीत. मी आहे. माझं नाव लिहा." यादी संपली तेव्हां नऊ नांवें अशीं उरलीं कीं ज्यांना गल्लींत कोणी ओळखीत नव्हतें.

तो तरुण दुष्ट होता असें मात्र मला वाटलें नाहीं. सभा उठल्यावर तो मजजवळ आला. "मास्तर, कागद आठ दिवसांत पुरे करा म्हणून सांगितलं. दिवसा लोक कामावर, रात्री मी रिक्षावर. अर्धे कागद मी भरले, अर्धे कोणी भरले ते मलाही माहीत नाही." अप्रामाणिकपणा पुष्कळदां असाच घडतो. कोणी एकटा माणूस मोठें पाप करीत नाहीं; दहाजण थोडथोडें दुर्लक्ष करितात आणि मेलेल्या माणसाची सही तयार होते.

घरीं परततांना सौभाग्यवतीनें मला एक प्रश्न केला, त्याचें उत्तर मजपाशीं नव्हतें. "आपल्या इमारतीच्या वार्षिक सभेला तुम्ही शेवटचे कधीं बसला होतां?" वाचकहो, मी दरवर्षीं चहाच्या वेळीं खालीं जातों, उपस्थितीच्या वहींत सही करितों आणि वर येतों. सही माझी आहे, मी जिवंत आहे, परंतु सभेंत मी नव्हतों. वही मात्र सांगते कीं मी होतों. त्या झोकदार सहींत आणि माझ्या सहींत अंतर किती? आमची इमारतहि जुनी झाली आहे. उद्यां पुनर्विकासाचा ठराव याच वहीच्या आधारें होईल. नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाकरितां सरकारनें ३ जानेवारी २००९ रोजीं निर्देश काढिले व ४ जुलै २०१९ रोजीं ते सुधारिले. विकासक निवडण्याच्या सभेस निबंधकाचा प्रतिनिधि असावा आणि सभेचें चित्रीकरण व्हावें, असें त्यांत आहे. हा प्रत्यक्ष प्रमाणाचाच आग्रह होय. परंतु चित्र कोणाचें घेणार? सभासद वर आपापल्या घरीं चहा पीत असतील, तर रिकाम्या खुर्च्यांचें!

आपणांपैकीं अनेकांच्या घरीं पोळ्या करणाऱ्या, भांडीं घासणाऱ्या बाई अशा वस्त्यांतून येतात. त्यांनीं असा कागद आणला तर तो केवळ वाचून दाखवूं नये. पुढील गोष्टी त्यांच्यासह पाहाव्या. यादींत नांव, झोपडीचा क्रमांक आणि पुराव्यावरील नांव हीं जुळतात काय? घरचा कर्ता वारला असल्यास वारसाचें नांव लागलें आहे काय? विकासकाबरोबरचा वैयक्तिक करारनामा पति-पत्नी दोघांच्या नांवें व्हावयाचा असतो, हें बाईंस ठाऊक आहे काय? सभेचें इतिवृत्त व संस्थेचे हिशेब सभासदांस पाहावयास मिळतात काय? आणि कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊं नये, हें त्यांना निक्षून सांगितलें आहे काय? यांपैकीं कशासहि वकील लागत नाहीं. घरांतील शिकलेल्या मुलासुनांनीं अर्धा तास दिला तर पुरे. ज्या हातांनीं आपलें घर चालतें, त्या हातांना घर मिळावें म्हणून एवढें करणें हा उपकार नव्हे.

वाचक विचारतील, पुढें काय झालें? नव्यानें भरलेल्या यादींतून तीं नऊ नांवें गळलीं. पात्रतेच्या यादींत प्रथम बाईंचें नांव 'पुरावा अपुरा' म्हणून अपात्रांत पडलें होतें. यजमानांचा जुना फोटोपास ट्रंकेच्या तळाशीं सांपडला. हरकतींच्या मुदतींत तो हजर केला, आणि यंदाच्या माघांत त्यांचें नांव त्यांच्या स्वतःच्या नांवानें पात्रांत आलें. घर अजून उभें नाहीं. नाला तोच आहे, पावसाळ्यांत पाणी तसेंच आंत शिरतें.

परंतु संस्था आतां आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं मांडवाच्या जागीं ती भरते आणि प्रारंभीं हजेरी होते. संस्था या शब्दांतील धातु 'स्था' म्हणजे उभें राहणें. 'सम्' म्हणजे एकत्र. चाळीस वर्षें हा शब्द मीं फळ्यावर फोडून दाखविला. त्याचा अर्थ मात्र मला पोळ्या करणाऱ्या बाईंनीं, "ते नाहीत, मी आहे" असें म्हणून उभें राहिल्यावर कळला. आमच्या इमारतीची सभा पुढल्या महिन्यांत आहे. या खेपेस सही करून मी वर येणार नाहीं.