रांजण भरावा तशी बॅटरी भरावी

सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. जिल्हा बदलला, तरी आमच्या बोरगावचे ऊन तेच राहिले. हेच ऊन सोलर पॅनेलवर पडून रात्रीचा दिवा लावते. मात्र मधली बॅटरी अकाली निकामी झाली की घरधनी दुकानदारास बोल लावतो. दोष पुष्कळदा बॅटरी भरण्याच्या रीतीत असतो.

१२ व्होल्टचे म्हणून मिळणारे पॅनेल भर उन्हात १७-१८ व्होल्टपर्यंत दाब देते. हा दाब बॅटरीस सरळ लावला, तर आतले पाणी उकळल्यासारखे होऊन ज्वालाग्राही हायड्रोजन सुटू लागतो. म्हणून दोहोंच्या मध्ये चार्ज कंट्रोलर नावाची लहानशी पेटी असते.

तिचे काम रांजण भरणाऱ्या जाणत्या गृहिणीसारखे आहे. रिकाम्या रांजणात ती हंड्यावर हंडे ओतते; तसा पहिल्या पायरीत पॅनेलचा सारा प्रवाह बॅटरीत जातो. पाणी काठाशी आले की ती धार बारीक करते. तसा दाब सुमारे १४.४ व्होल्टवर पोचताच कंट्रोलर तो तेथेच धरून ठेवतो आणि प्रवाह हळूहळू उतरतो. ही दुसरी पायरी वारंवार अपुरी राहिली, तर आतील पत्र्यांवर गंधकयुक्त क्षार घट्ट बसतो आणि बॅटरीची शक्ती खचते. तिसऱ्या पायरीत दाब साडेतेरा व्होल्टच्या आसपास ठेवून, झिरपले तेवढेच भरून काढले जाते. रात्री बॅटरीतील वीज उलट पॅनेलकडे जाऊ नये, याचीही काळजी हीच पेटी घेते.

आमच्याकडील उन्हाळ्यात आणखी एक भान हवे. हे आकडे २५ अंश तपमानाचे आहेत. बॅटरी ४५ अंशांपर्यंत तापली, तर दाबाची मर्यादा सुमारे अर्ध्या व्होल्टने खाली आणावी लागते. चांगला कंट्रोलर हे आपोआप करतो. मात्र त्याला बॅटरीची उष्णता कळली पाहिजे. बॅटरी सावलीत, हवेशीर जागी असावी, हे ओघानेच आले.

सुज्ञ वाचकांस आमचे सांगणे इतकेच : जोडणी करताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना आधी पॅनेल. पेटीवर बॅटरीचा प्रकार नीट निवडावा. लिथियमची मापे निराळी असतात. ॲसिडच्या बॅटरीतील डिस्टिल्ड वॉटर वेळोवेळी पाहावे. आणि पेटी बिघडली, म्हणून तिला वगळून तारा सरळ जोडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. नवी पेटी नव्या बॅटरीहून पुष्कळ स्वस्त पडते.